कट्ट्याचं भाडं

४ जून
सर्व्हरचं भाडं थकलंय. पंधरापर्यंत भरलं नाही तर मुरुमकरांचा ऑनलाइन कट्टा, म्हणजे आमच्या गावाची गप्पांची वेबसाइट, बंद. मी झेरॉक्सचं दुकान सांभाळून आणि मित्र महादेव उमरग्यातली नोकरी सांभाळून, असे आम्ही दोघं तो चालवतो. फुकट. जाहिरात नाही, कुणाची मालकी नाही. क्लासवाले सर यंदाही भाडं भरतो म्हणालेत. सुटले एकदाची.

७ जून
सुटले कसली! सर सकाळीच दुकानात. त्यांच्या होस्टेलच्या अंजलीनं कट्ट्यावर फोटो टाकलाय : मुलींच्या संडासाला दार नाही, पोतं लावलंय. सर हसत म्हणाले, "नसरीनताई, तेवढा एक फोटो काढून टाका. पैसे आजच पाठवतो."
"तुम्ही दार बसवा सर, लगेच काढते."
पैसे काही आले नाहीत.

९ जून
बाजारात वर्गणी मागत फिरले. आडतवाले काका म्हणाले, "देतो की. पन नाव कुठं टाकनार?"
"कुठंच नाही, काका."
"मग कशाला द्यायचं वो?"
उरुसाला, गणपतीला फ्लेक्सवर नाव येतं ना! इतका राग आला की समोरचा चहा तसाच ठेवून निघाले.

१० जून
महादेवनं शोधलं, सर्व्हरवरची जागा कोण खातं ते. गुड मॉर्निंगची फुलं! सगळे फोटो काढून टाकले तर स्वस्तातला सर्व्हर पुरतो, तेवढं आम्ही दोघं भरू. काढ म्हटलं.
तो हळूच म्हणाला, "मग त्या पोरीचाबी जाईल की."


१२ जून
सगळे फोटो काढले, एक सोडून. तसं कट्ट्यावर स्पष्ट लिहिलं. अब्बू रोज गुलाब टाकायचे, ते बोलत नाहीत. सरांचा फोन : "सगळ्यांचे काढले, तिचाच ठेवला. हा पक्षपात न्हाय का?"
"व्हय सर, पक्षपातच."
लई बरं वाटलं.

१४ जून
या महिन्याचं भरलं. पुढचं बघू. महादेव म्हणतो, सर पोलिसात जातील. जाऊ देत, मी घाबरत नाही.
दुपारी अंजलीचा मेसेज. सरांनी तिच्या घरी फोन केला. वडील म्हणतात, फोटो काढ, नाहीतर शिक्षण बंद.
सरांसाठी मी हलणार नाही. पण फोटो तिचा आहे. विचारलं, "तुला काय हवंय? तू सांगशील तेच करीन."
ती टाइप करतेय. थांबते. परत टाइप करतेय.