मावशीने राखलेला गाळ

अमरावती, ३ एप्रिल २०२५

ती. प्रयागमावशीस सुचिताचा सा. न. वि. वि.

तलावाच्या गाळात तू लावतेस त्या गाळपेरीतली एक पट्टी माझ्या अभ्यासासाठी मोकळी ठेवलीस, तिने कमाल केली. तलावाचं पाणी हटलं, गाळ उघडा पडला, ऊन बेचाळीसवर गेलं, तरी ते केसाएवढे लाल किडे गाळातले जिवाणू खातच आहेत. वर टाकलेल्या त्यांच्या विष्ठेच्या ढिगल्या मोजल्या, कमी झाल्याच नाहीत. गाळ सुकला की ते खाणं सोडून खोल जातात, असं आम्ही धरून चाललो होतो. एवढासा जीव आणि केवढी हिंमत! सोळा तारखेला हे सगळ्या विभागासमोर मांडायचं आहे.

तिथे काकडी लावली नाहीस म्हणून मावसाजी अजून कुरकुरतात का? त्यांना सांग, किड्यांनी नाव काढलं.

तुझी माया आहे तशीच असू दे.
सुचिता

आसेगाव, ८ एप्रिल

चि. सुचितास मावशीचे अनेक आशीर्वाद.

फोनवर सांगवलं नसतं, म्हणून लिहिते. तुझी पट्टी सुकली नाही, कारण मी तिला पाणी घालत होते. काकडीच्या आळ्यांना रोज सकाळी पाणी देते. शेजारी तुझ्या चार खुंट्यांमधला गाळ तडकलेला दिसला, जीव राहिना. एक बादली तिकडेही ओतायची. तू फक्त ढोरं येऊ देऊ नको म्हणाली होतीस. मला वाटलं, बाकीची राखण आपली आपण करावी.

मावसाजी म्हणाले, आता कायले सांगून राह्यली, पोरगी खुशीत हाये, कोणाले मालूम पडत नाही. दोन दिवस मीही गप्प बसले. पण तू चार शहाण्या माणसांसमोर उभी राहून माझ्या बादलीला किड्यांची हिंमत म्हणणार, ते मला सहन होणार नाही.

रागाव, पण पत्र लिही.
तुझी मावशी

अमरावती, १४ एप्रिल

ती. मावशीस सा. न.

रागावले, एक अख्खा दिवस. मग माझ्या मार्गदर्शक मॅडमकडे जाऊन सोळा तारखेचं रद्द केलं. खरं सांगू? वरचा थर कोरडा असला तरी खाली बोटाला ओल लागली होती. तलावाचीच असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. तू तसं केलं नाहीस.

मॅडमनी तुझं पत्र दोनदा वाचलं. म्हणाल्या, स्वतःविरुद्ध इतकं सरळ लिहिणारी माणसं आमच्यातही थोडीच. मला तुझा फार अभिमान वाटला.

ओल मिळाली तर एवढ्या उन्हातही किडे खोल न जाता खात असतील. पण सुकवलेली पट्टी शेजारी असल्याशिवाय ते म्हणता येत नाही. म्हणजे पुढचा उन्हाळा, आणि तुझी जागा पुन्हा पडीक. मागायला तोंड नाही.

रागाचं मनावर घेऊ नकोस.
सुचिता

आसेगाव, २१ एप्रिल

चि. सुचितास आशीर्वाद.

पुढच्या वर्षी दोन पट्ट्या ठेवते, एक ओली, एक कोरडी. मावसाजी म्हणाले, कोरडी आपण राखू, हिच्या हाताचा भरोसा नाही. मी नाही म्हटलं. ती मीच राखणार. रोज जाईन, तिला तडे जाताना बघीन आणि पाणी घालणार नाही.

वेळेवर जेवत जा.
तुझी मावशी