कझाकस्तानातला माझा सीझन

१ जानेवारी २०१९, पहाटे (म्हणजे साडेआठ)

नवी डायरी. कारखान्याची आहे, पण गेल्या वर्षीची. यंदा पाणी नाही, ऊस नाही, गाळप नाही, म्हणून डायऱ्या छापल्या नाहीत. वार एक-एक पुढे सरकवून वाचायचा.

संकल्प : रोज पाचशे शॉट. गोड बंद. कुणावर चिडायचं नाही. आणि या वर्षी पाचवा देश. नेपाळ, श्रीलंका, ओमान, मंगोलिया झाले. चार देशांत बास्केटबॉल खेळलेला पॉइंट गार्ड बीड जिल्ह्यात मी एकटाच. पॉइंट गार्ड म्हणजे बॉल पुढे आणणारा, बाकीच्यांना खेळवणारा, संघाचा मेंदू. त्याला उंची लागत नाही. मंगोलियाच्या कोचला हे शेवटपर्यंत कळलं नाही.

३ जानेवारी

शॉट : शून्य. दोष माझा नाही. कारखान्याच्या कोर्टावर चारा छावणी लागली. फ्री थ्रोच्या रेषेवर एक जर्सी गाय रवंथ करत बसलेली असते. एका रिंगला ताडपत्रीचा दोर बांधलाय, दुसरीवर छावणीचा बोर्ड. ज्या कोर्टानं आंतरराष्ट्रीय खेळाडू घडवला त्याची ही कदर. तरी ड्रिब्लिंग केलं. शेणात बॉल उसळत नाही.

संध्याकाळी गुडघ्यांसाठी आइस बाथ. बर्फ मिळाला नाही, ड्रमभर गार पाण्यात बसलो. ड्रम विमलनं पहाटेपासून टँकरपाशी उभं राहून भरला होता. म्हणाली, हे चार दिसाचं पानी हाय. बायकोला रिकव्हरी म्हणजे काय ते शांतपणे समजावलं. (संकल्प पाळला. चिडलो नाही.) पाणी वाया जाऊ नये म्हणून नंतर म्हशीपुढे ठेवलं. म्हशीनं तोंड लावलं नाही. जनावर फार लाडावलंय.

७ जानेवारी

दिमित्रीचा मेसेज!! दिमित्री माझा एजंट. कझाकस्तानातल्या एका क्लबला गार्ड हवाय. लिहितो, तुझा व्हिडिओ पाहिला, क्लबला विचारतो, बघू.

आपल्याकडे 'बघू' म्हणजे नाही. पण तिकडची माणसं उगीच बोलत नाहीत. तिकडे 'बघू' म्हणजे झालंच.

पक्कं होईपर्यंत गुप्त ठेवायचं ठरवलं. फक्त त्रिंबकला सांगितलं.

८ जानेवारी

त्रिंबकचं चहाचं हॉटेल आहे, स्टँडसमोर. हे लक्षात घ्यायला हवं होतं. सकाळी दाढी करायला गेलो तर न्हाव्यानं विचारलं, कझाकस्तानात आपले लोक किती असतील.

९ जानेवारी

सुंदरराव चेअरमन स्वतः घरी आले. मार्चमध्ये कारखान्याची निवडणूक आहे. हंगामाची पहिली मोळी टाकायला ऊस नाही, भूमिपूजन करावं तर पैसा नाही, टँकरचं उद्घाटन दोनदा होऊन गेलंय. नारळ कशावर फोडावा या विचारात माणूस झुरत होता. म्हणाले, सुग्रीवराव, तुमी आमची इज्जत हाय, तुमाला असं तसं जाऊ देणार न्हाई, रविवारी सत्कार.

मी म्हणालो, कागद हातात येऊ द्या. ते म्हणाले, कागद येतच असतो, आदी सत्कार करून टाकू. अनुभवी माणूस आहे.

१३ जानेवारी, दुपारी, बसमध्ये

सविस्तर लिहितो, इतिहासात राहील.

सकाळी नऊला फेटा बांधणारा आला. फेटा अर्धा झाला असताना दिमित्रीचा मेसेज : क्लबनं अमेरिकन घेतला, सॉरी. मेसेज खिशात ठेवला. अर्ध्या फेट्यानं कुणी काही जाहीर करत नाही.

मांडव भरलेला. छावणीतली जनावरं एका बाजूला, मतदार एका बाजूला. जेसीबीच्या बकेटमधून झेंडूची फुलं ओतली. सुंदररावांनी माईकवरून सांगितलं, निवडणूक झाली की छावणी उठवू, त्याच कोर्टावर अकॅडमी काढू, डायरेक्टर सुग्रीवराव. टाळ्या. मी भाषणात म्हणालो, कझाकस्तानला माजलगावचं पाणी दाखवून देईन. लोक हसले. धरण मृतसाठ्यात आहे हे लक्षात नव्हतं.

मग सगळ्यांनी वाजतगाजत औरंगाबादच्या बसमध्ये बसवून दिलं. विमल मागे उभी होती. हात हलवला नाही, तिच्या हातात हंडा होता.

आता प्रश्न असा की औरंगाबादला जाऊन करायचं काय? वाटेत गढीच्या फाट्यावर उतरलो. मेंदू शाबूत ठेवला. परळीला केसरमावशी आहे, तिच्या घराला बोअर आहे, बोअरला पाणी आहे. दुसरा क्लब मिळेपर्यंत तिथे गुप्त सराव शिबिर. खोटं बोललो असं होत नाही. फक्त देश बदलला.

एकच अडचण. परळीची बस परत आमच्याच गावावरून जाते. स्टँडवर दहा मिनिटं थांबली. समोर मांडव सोडत होते. सत्काराची शाल तोंडावर ओढून झोपलो. कुणी ओळखलं नाही. फेटा मात्र शालीच्या बाहेर राहिला होता असं पुढच्या सिरसाळा स्टँडवर लक्षात आलं.

१४ जानेवारी, परळी

मावशीला सांगितलं, हाय लेव्हल शिबिर आहे, कुणाला कळता कामा नये. मावशी म्हणाली, कावून रे बाबा? तिकडून बोलिवलं न्हाई का? हिला खेळातलं काय कळणार. वैजनाथाची शपथ घालून गप्प केलं. नंतर स्वयंपाकघरात फोनवर बराच वेळ हळू आवाजात बोलत होती. दूधवाला असावा.

दोन वेळा आंघोळ केली. खेळाडूला वातावरण लागतं.

२२ जानेवारी

त्रिंबक रोज मेसेज करतो, बर्फाचा फोटो पाठव. गावाचं प्रेम. टाळणं बरं दिसेना.

परळीत पॉवर स्टेशनच्या राखेचे डोंगर आहेत. सकाळी धुकट उजेडात गेलो, मावसभावाचं स्वेटर, कानटोपी. राख पांढुरकी, खाली पाय रुततो. फोटो इतका अस्सल आला की मलाच थंडी वाजली. गावाच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत बावन्न अंगठे. सुंदररावांनी स्वतः लिहिलं, लई भारी बर्फ.

फोटो काढताना राखेच्या एका ट्रकवाल्यानं हॉर्न दिला, हातही केला. त्रिंबकच्या मेहुण्यासारखा दिसत होता. असो. एकासारखी सात माणसं असतात जगात.

५ फेब्रुवारी

दिमित्रीच्या संपर्कात आहे. मी मेसेज करतो, त्याला पोचत असावेत.

१८ फेब्रुवारी

रेल्वे कॉलनीच्या मैदानात एक रिंग सापडली. कॉलेजची पोरं होती, म्हटलं चला, थोडं दाखवू. हरलो. कारण : बॉलमध्ये हवा जास्त. शिवाय पोरं पास मागत होती. पासचा निर्णय पॉइंट गार्डचा असतो, मागायचा नसतो. एकानं विचारलं, काका, तुम्ही पूर्वी खेळायचात का? असल्या पोरांमुळे देश मागे राहिलाय.

४ मार्च, महाशिवरात्र

त्रिंबक आता रोज संध्याकाळी हॉटेलातून फोन लावतो, स्पीकरवर. तीस-चाळीस माणसं जमतात म्हणे, चहाचा धंदा वाढलाय. आज विचारलं, तिकडं खातेत काय? मी म्हणालो, घोड्याचं मटण. सगळे हसले. मग विचारलं, कझाकस्तानातून वैजनाथाचं देऊळ किती लांब पडतं? गावाला भूगोल नाही.

नेमकं त्याच वेळी यात्रेच्या भोंग्यावर हर हर महादेव सुरू झालं. मी शांतपणे सांगितलं, इथेही आपले भाविक आहेत. पलीकडे इतका गलका झाला की फोन कट झाला. अभिमान वाटला असणार.

१० मार्च

सुंदररावांचा फोन. प्रचारासाठी व्हिडिओ संदेश हवा, बर्फासकट. दुपारीच वेळ मिळाला. ऊन मी म्हणत होतं. राखेच्या डोंगरावर स्वेटर, कानटोपी, मफलर घालून बोललो, मतदार बंधू-भगिनींनो, इथे उणे वीस आहे, पण तुमच्या आठवणीनं ऊब मिळते. घामानं राख गालाला चिकटली. खेळात इतका घाम कधी आला नव्हता.

१५ मार्च

त्रिंबक सांगतो, व्हिडिओ सभेत मोठ्या पडद्यावर दाखवला. माणसं शिट्ट्या मारत होती. म्हातारे खुर्चीवरून पडले. सुंदररावांना 'वन्स मोअर' करून तीनदा लावावा लागला. विरोधी पॅनेलच्या सभेतली माणसं उठून इकडे आली.

विमलला फोन केला, म्हटलं पाहिलास का? म्हणाली, मी टँकरला गेलते. मग विचारलं, माझी आठवण येते का? म्हणाली, तुमी ऱ्हावा तिकडंच, काळजी करू नका. डोळे भरून आले. खेळाडूची बायको अशी हवी.

१८ मार्च

सुंदररावांचं पॅनेल सगळ्या जागांवर निवडून आलं. निम्मं श्रेय माझं. अकॅडमीचं नाव काय ठेवावं? स्वतःचं नाव द्यायचं नाही, असा संकल्प. पण लोकांनी आग्रह केला तर अडवायचंही नाही.

६ एप्रिल

मावशी विचारते, किती दिस ऱ्हायचं ठरिवलंय? बोअरचं पाणी खाली गेलंय. सकाळची आंघोळ बंद केली तिनं. शिबिराचा दर्जा घसरला.

सीझन संपल्याचं ग्रुपवर जाहीर केलं. संघ उपांत्य फेरीत हरला असं लिहिलं. फायनल मुद्दाम टाळली. माणसानं नम्र असावं. सुंदररावांचं उत्तर लगेच : मोठा सत्कार ठिवलाय, पुढच्या शनवारी या, जेसीबी सांगितलाय.

१३ एप्रिल, सकाळी

आज परतायचं. परळीहून गढी, तिथून उलटी बस, म्हणजे औरंगाबादकडून आल्यासारखं दिसेल. विमानातला माणूस वाटावा म्हणून गळ्यात मानेची उशी. भाषण पाठ केलंय. शेवटी छावणीकडे बोट करून म्हणायचं, आता इथे बास्केट पडतील, शेण नाही. कोर्ट, अकॅडमी, डायरेक्टर. बस, आता फक्त उतरायचं.

१३ एप्रिल, रात्री

थोडक्यात लिहितो. हात खरखरीत आहे, पेन सटकतं.

स्टँडवर अख्खा गाव. हलगी. मी उतरलो तर लोक टाळ्या वाजवायच्या ऐवजी पोट धरून उभे. त्रिंबकनं फेटा बांधला. म्हणाला, या खेपेला शालीत बसंल एवढाच बांदतो. मला वाटलं, प्रेमानं बोलतोय.

सुंदरराव माईकवर म्हणाले, दुष्काळात फुलं कुठून आणावीत? पण सुग्रीवरावांना आवडतं ते आमी परळीहून मागिवलंय. ते घेऊन आलेला ड्रायव्हर म्हणजे त्रिंबकचा मेहुणा. त्याला माईकवर बोलवून नारळ दिला. मग जेसीबीची बकेट माझ्या डोक्यावर आली. मी हात जोडून वर बघितलं, फुलांसाठी.

राख होती. पूर्ण बकेट. तोंड उघडं होतं.

कुणीतरी ओरडलं, बर्फ पडला बे, बर्फ पडला! पोरांनी हलगीवर ताल धरला. छावणीतल्या गाई बिथरल्या. सुंदरराव माझ्या खांद्यावरची राख झटकत कानात म्हणाले, राग मानू नका, दोन वरसात गाव हसलं नव्हतं, तुमच्यामुळं हसलं. अकॅडमीचं विचारलं. म्हणाले, बघू.

भाषण झालं नाही. घशात राख.

घरी आलो. विमल दारातच उभी होती. हसली नाही, हे नमूद करतो. ओसरीत ड्रम काठोकाठ भरलेला दिसला. मी जर्सी काढायला लागलो तर ती ड्रमपुढे आली. म्हणाली, ते म्हशीचं हाय. मला एक तांब्या दिला. एका तांब्यात डोळे आणि नाक झालं.

मी विचारलं, तुला कधी कळलं? म्हणाली, तुमी परळीत पोचलात त्याच दिशी मावशीचा फोन आलता. म्हणत होती, परत धाडू का? मी म्हणलं, नगं, ठिवून घ्या. तुमी गेल्यापून ड्रम आठ दिस पुरतो. म्हशीचं दूधबी वाढलंय.

म्हणजे तीन महिने तिनं माझं गुपित कुणाला सांगितलं नाही. अशी साथ आजकाल मिळत नाही.

१४ एप्रिल

टँकर आला नाही. केसांचा राखाडी रंग गेलेला नाही. त्रिंबकच्या हॉटेलसमोरून गेलो तर आतून कुणीतरी शिंकल्याचा आवाज काढला, मग सगळ्यांनी काढला. मत्सर माणसाला किती खाली नेतो. दिमित्रीला मेसेज टाकला : सीझन उत्तम झाला, पुढच्या देशासाठी तयार आहे. एकच टिक.

विमल सकाळीच म्हणाली, परत कवा जाणार?

बघतो म्हणालो. दुपारी झोपून उठलो तर बॅग भरून उंबऱ्याशी ठेवलेली. जर्सी राखेचीच, धुवायला पाणी नाही, पण घडी नीट घातलेली. बूट. मानेची उशी. वरच्या कप्प्यात भाकरी आणि चटणी. माझ्या करिअरवर या घरात अजून कुणाचा तरी विश्वास आहे.

कुठल्या देशात, हे तिनं विचारलं नाही.