मोगऱ्याच्या कुंडीतले पिवळे मणी

अहमदपूर,
बुद्धपौर्णिमेचा दुसरा दिवस

आदरणीय अक्कास, धाकट्या नरसिंगचा मानाचा जयभीम. किनवटचं ऊन काय म्हणतंय? गुडघा कसा आहे? जिना चढतेस, का अंथरूण अजून खालीच? आम्ही दोघं मजेत.

पत्रास कारण, मी जिंकलो! काल विहारात मोगऱ्याची एकेचाळीस फुलं वाहिली, आणि ती बाजारातली नव्हती. गेल्या वर्षीच्या बुद्धपौर्णिमेला मी किनवटला आलो होतो, तेव्हा सगळ्या बायकांसमोर तू म्हणालीस, "नरसिंग, तुझ्या हातानं कोरफड बी मरती. तुझ्या कुंडीतलं फूल विहारात दिसू दे, मी हाच गुडघा घेऊन अहमदपूरला येते." तर आता पिशवी भर.

श्रेय तुझ्या लेकीचंही आहे (थोडं). दिपालीनं तिच्या नांदेडच्या रोपवाटिकेतून हळूहळू सुटणारं खत पाठवलं होतं. मोहरीएवढे पिवळे मणी. (तुझ्या भावजयीनं, नागुबाईनं, ते फोडणीत टाकायच्या आत मी पुडी हिसकावली.) दिपालीनं बजावलं होतं, मामा, कुंडीत एक चमचा टाकायचं आणि चार महिने विसरून जायचं. आता तूच सांग, तीस वर्षं एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसलेला माणूस विसरेल कसा? गाडी लागली का, हे दर पाच मिनिटांनी बघायची सवय. मी रोज सकाळी माती उकरून बघायचो. महिना झाला, दीड महिना झाला, मणी आपले जसेच्या तसे, गोल गरगरीत. एकही विरघळेना. मला वाटलं, झाडाला हे खाणं पसंत नाही. मग चहाच्या गाळणीनं माती चाळून (गाळणीवरून घरात जे झालं ते लिहीत नाही) मणी वेचले, धुतले, वाळवले आणि शेजारच्या उद्धव गुरुजींना उदार मनानं देऊन टाकले. त्यांचा मोगरा पिवळा पडला होता. गुरुजी इतके गहिवरले, की मला माझाच अभिमान वाटला.

मग आला दिपालीचा फोन. मी म्हणालो, पोरी, तुझा माल नकली हाय. तिचं हसू थांबेना. "मामा, ती नुसती साल दिसती. साल तशीच राहती, आतलं खत झिरपत जातं. अजून अर्ध्याच्या वर आत असंल. कुठं टाकलं?" मी म्हणालो, जपून ठेवलंय. परत मागायला तोंड नव्हतं. पुढं नुसतं पाणी घातलं आणि गुरुजींच्या अंगणाकडं बघायचं टाळलं. तरी माझा मोगरा फुलला, अक्का! आता बोल.

तुझा,
नरसिंग

ता. क. नागुबाई म्हणते, खरं लिहा. तर एकेचाळीसांतली एकोणीसच माझ्या कुंडीतली. बावीस फुलं उद्धव गुरुजी काल सकाळी ताटात घेऊन दारात आले. म्हणाले, खत तुमचं, तर फुलंही तुमचीच. परत पाठवायची का काय? पण तुझ्या अटीत फूल होतं, किती ते नव्हतं.

आणखी एक. दिपालीकडून खताच्या दोन पुड्या घे, एक गुरुजींची. पोस्टानं पाठवू नको, तुझ्याच पिशवीत घालून आण. दोन वर्षं झाली तुला इथं येऊन. नांदेडच्या गाड्यांच्या वेळा मला अजून पाठ आहेत. मी स्टँडवर उभा असेन.