नियम गावाचा की माझा?

मंगळवार, संध्याकाळ. मु. मूल

डोकं भणभणून गेलंय. मासेमारी संस्थेच्या अध्यक्ष शकुनबाईंनी आज माझ्या टेबलावर पिशवीभर बोटुकली ओतली. माशांची बोटाएवढी पिल्लं, सगळी जाळ्यात सापडून मेलेली.

"भाऊ, बीज सोडलं तवा मी मोबाईलवर सगळ्या बोड्याईची मासेमारी बंद केली होती ना? मंग खालच्या गावात चालू काऊन दाखवून राह्यलं?"

काऊन म्हणजे? माझ्यामुळे! संस्थेसाठी मी बनवलेलं ॲप झटपट चालावं म्हणून संस्थेचा नियम मी प्रत्येक बोडीच्या, म्हणजे गावातल्या छोट्या तळ्याच्या, नोंदीत उतरवून ठेवला. रकाना रिकामा सोडला असता, तर ॲपनं त्या बोडीसाठी वर संस्थेचाच चालू नियम पाहिला असता. एवढी साधी गोष्ट! आता वर काहीही बदला, खाली जुनंच.

म्हटलं, खालचे सगळे रकाने पुसून टाकतो.

"पुसू नका! काही गावाईनं सभा घेऊन आपला नियम केला आहे."

कोणत्या गावांनी? बाईंना सगळी आठवत नाहीत. नोंदीत तर गावांनी ठरवलेलं आणि मी उतरवलेलं अगदी सारखं दिसतं.

टेबल दोनदा पुसलं, बोटुकलीचा वास जात नाही. उद्यापासून एकेका गावाला फोन करून विचारायचं, "तुमचा नियम तुम्ही केला, की मी?"