मिठागरवाल्यांची तहान

ती. ऋतुजाताईस,

प्रविणचा नमस्कार. भावोजी, तुझ्या सासूबाई आणि आमचे नऊ महिन्यांचे भाचेसाहेब हितेशराव रोह्यात मजेत असतील असं धरून चालतो. इकडे पेणला मी ठणठणीत. (आजार निघालाय, तरी ठणठणीत. पुढे वाच.)

झालं असं, की डोलवीच्या नव्या कामाआधी लघवी तपासायला दिली. ती इतकी नितळ, की लॅबवाल्याने बाजूला घेऊन विचारलं, "नळाचं भरलंत का हो?" मी तापलो आणि तिथल्या तिथे दुसरी बाटली भरून दिली. तीही तशीच. दिवसाला बारा लिटर पाणी पितो म्हटल्यावर त्याने पनवेलच्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. त्यांना मी ठणकावून सांगितलं, आम्ही मिठागरवाले, आईचे बाबा अख्खी कळशी तोंडाला लावायचे, तहान आमच्या धंद्यातच आहे. त्या म्हणाल्या, "तुम्ही मिठागरात किती वर्षं होतात?" (मी आयुष्यात तिथलं फावडं धरलेलं नाही. नेमकं हेच कसं विचारलं, कोण जाणे.)

मग परीक्षा. सकाळपासून पाण्याचा थेंब नाही आणि दर तासाला वजन. दोन तास छाती काढून बसलो. तिसऱ्या तासाला हात धुवायला गेलो आणि वजन दीड किलोने वाढलं. नर्सला म्हटलं, तुमचा काटा बिघडलाय. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या बायकोलाच, किमयाला, नळापाशी खुर्ची टाकून बसवलं. "आज नळाकडं बघायचं पण नाय," ती म्हणाली. मग वजन झरझर उतरलं.

निदान असं: 'पाणी धरून ठेव' हा निरोप मेंदू रक्तातून पाठवतो. तो घ्यायला मूत्रपिंडाच्या पेशींवर रिसेप्टर असतात. माझे रिसेप्टर आईच्या पोटात मूत्रपिंड घडलं तेव्हापासूनच वाकडे. निरोप येतो, घेणारं कोणी नाही, पाणी सरळ बाहेर. आता गोळ्या आहेत आणि मीठ कमी. (मिठागरवाल्याला!) मी सगळं समजून घेतलंय, काळजी नसावी.

तुझा,
प्रविण

ता. क. हा दोष आईकडून मुलग्याकडे येतो. आईला, तुला काही त्रास नसला तरी तो तुमच्यात असू शकतो. हितेशला सारखा ताप येतो, अंग धरत नाही, आणि सासूबाई तुझ्या दुधाला नावं ठेवतात. पत्र मिळताच त्याला डॉक्टरांकडे ने, हे सगळं सांग, रक्त तपासून घे. तोवर पाण्याला नाही म्हणू नकोस.

ता. क. दुसरा. उष्टावणाला सगळे म्हणाले, पोरगं पेला सोडत नाही, अगदी मामावर गेलंय. मी महिनाभर मिशीला पीळ देत फिरलो. ताई, मला फार भीती वाटते. तो माझ्यावर गेलेला नसू दे.