चाळीस किलोची मान

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ९.
आज निश्चय केला. एक फोटो काढायचा आणि त्यात मी असायचं.

काल लेकीचा फोन आला होता. जावईबापूंना समुद्रापलीकडे नोकरी लागली. लेक, जावई, नात, तिघंही जाणार. निदान पाच वर्षं. जाण्याआधी तेवीस तारखेला, रविवारी अकरा वाजता, दोन तास येऊन जातील. सामान बांधताना तिने जुने अल्बम चाळले म्हणे. त्यांत तिची आई आहे, ती आहे, शेजारच्यांची मांजर आहे. मी नाही. एका फोटोत माझी सावली आहे, एकात अंगठा. मी म्हटलं, काढणारा मीच, मग मी येणार कुठून? ती म्हणाली, या वेळी तुमच्यासोबतचा एक हवा, तिकडे भिंतीवर लावायला.

खरं तर माझा एक चांगला फोटो आहे. खुब्याचा एक्स-रे. पण तो भिंतीवर शोभणार नाही.

कॅमेरा आहे. जावईबापूंनी नवा घेतला तेव्हा जुना मला दिला, ट्रायपॉडसकट. बटण दाबायचं आणि दहा सेकंदांत जाऊन बसायचं. तीन आठवडे हातात आहेत. भरपूर झाले.

त्याच दिवशी, ११.३०.
करून पाहिलं. कॅमेऱ्याने दहा सेकंदांत हळूहळू मान खाली घातली. फोटोत माझ्या चपला आल्या. चपला मात्र स्पष्ट आहेत. ट्रायपॉडच्या वरचा भाग प्लॅस्टिकचा आहे आणि त्याचे दात झिजले आहेत. माझं काही चुकलेलं नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार.
कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. दुकानदार सज्जन माणूस, माझ्या लेकीच्या वयाचा. त्याने सांगितलं, बॉल हेड घ्या. एका वाटीत धातूचा गोळा. नॉब सैल केली की कॅमेरा कुठेही वळतो, आवळली की जागच्या जागी बसतो. मी त्याला सांगितलं की माझ्या खुब्यात हेच आहे, फक्त नॉब नाही. तो हसला. बऱ्याच दिवसांनी कोणीतरी माझ्या बोलण्यावर हसलं, म्हणजे माझी तब्येत सुधारते आहे.

त्याने लगेच एक काढून दिलं. पाच किलो पेलतं, तुमचा कॅमेरा एक किलोसुद्धा नाही, घेऊन जा म्हणाला. असं घाईने काही घेत नसतात. मी शाळेत सातवीपर्यंतच गेलो, पण कारखान्यात सदतीस वर्षं क्रेनचे हूक आणि साखळ्या तपासल्या. भाराच्या पाचपट ताकद हवी. कॅमेरा नऊशे ग्रॅम, पाचपट म्हणजे साडेचार किलो. पाच किलोचं चाललं असतं, पण बनवणारे नेहमी दुप्पट सांगतात. म्हणजे निदान नऊ किलोचं हवं. विचार करून येतो म्हणालो.

६ फेब्रुवारी, गुरुवार.
दुकानात गेलो. दहा किलोचं पाहिलं. पण पुढेमागे मोठी लेन्स घेतली तर? विचार करून येतो म्हणालो.

८ फेब्रुवारी, शनिवार.
दुकानात गेलो. पंधरा किलोचं पाहिलं. दुकानदाराने माझ्यासाठी स्टूल काढून ठेवलं आहे. (ते आधीपासून तिथेच असतं, पण आज त्यावर धूळ नव्हती.) एक बाई बॉल हेड घ्यायला आल्या होत्या. मी त्यांना पाचपटीचा सेफ्टी फॅक्टर समजावून सांगितला. त्यांनाही पटलं, त्याही विचार करून येते म्हणून गेल्या. दुकानदार मला म्हणाला, आजोबा, तुमचे उपकार कसे फेडू. म्हटलं, त्यात काय.

१० फेब्रुवारी, सोमवार.
आज दुकानाला सुट्टी असते. माहीत होतं. तरी त्या बाजूने चक्कर मारून आलो. चालणं खुब्याला चांगलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी.
पुढचा मुद्दा रात्रीच सुचला होता. नात. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, एका जागी ठरत नाही. वजन सतरा किलो. ती कॅमेऱ्याला लोंबकळली तर? पंधरा किलोचं हेड मान टाकणार, कॅमेरा पोरीच्या डोक्यावर. हे दुकानदाराला सांगितलं. तो म्हणाला, पोरीला लोंबकळू देऊ नका. या पिढीला धोका दिसतच नाही.

चाळीस किलोचं एक आहे. मागवावं लागेल. गोळा केवढा तर लिंबापेक्षा मोठा. दुकानदाराने विचारलं, आजोबा, तुम्ही यावर कॅमेरा बसवणार की कॅमेरावाला?

मागवलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार.
हेड यायचं आहे, तोवर वेळ फुकट घालवायचा नाही. रंगीत तालीम केली. खिडकीसमोर चार खुर्च्या. पहिलीवर लेकीचा हिरवा स्वेटर, आत उशी. तो ती लग्नानंतर इथेच विसरून गेली. दुसरीवर जावईबापू, म्हणजे हँगरला माझा रेनकोट. तिसरीवर भिंगरी, म्हणून कुकर. चौथी माझी. हे सगळं फक्त अंतर आणि उंचीसाठी आहे.

बटण दाबायच्या जागेपासून खुर्चीपर्यंत मला चौदा सेकंद लागतात. कॅमेरा दहाच देतो. खुर्च्या पुढे घेतल्या. बारा. मधला गालिचा काढला. अकरा.

जावईबापू दोनदा घसरले.

१६ फेब्रुवारी, रविवार.
दहा सेकंद. बसेपर्यंत दम लागतो, त्यामुळे चेहरा रागावल्यासारखा होत असावा. हसत चालायची सवय केली पाहिजे.

लेकीचा फोन आला. काय करताय विचारलं. फार कामात आहे म्हटलं. तिला बरं वाटलं असणार. खुर्च्या मांडलेल्याच ठेवल्या आहेत. रोज उचलून ठेवण्यात खुब्याला त्रास. जेवण ओट्याशी उभ्याने करतो, ते बरंच सोयीचं आहे. पण आज चौथ्या खुर्चीवर बसून जेवलो. तिथे उजेड चांगला आहे, बाकी काही कारण नाही.

ही असती तर म्हणाली असती, कुकर आधी घासून घ्या. घासला.

२० फेब्रुवारी, गुरुवार.
हेड आलं. काय वस्तू आहे! आवळलं की मुठीतला दगड. दुकानदाराला म्हटलं, आता माझं येणं कमी होईल. तो म्हणाला, तसं कसं, येत जा. दुकानाचं कुलूप लावता लावता म्हणाला, पण म्हणाला.

घरी बसवून पाठ वळवली तर अख्खा ट्रायपॉड दारावर आडवा. डोकं पायांपेक्षा जड झालं आहे. ही अडचण मी आधीच ओळखली होती. पायांच्या मधोमध दोन विटांची पिशवी लटकावली. आता हलत नाही.

उद्या चाचणी.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी ४.
चाचणी बरोबर चारला सुरू. नियमाप्रमाणे चोवीस तास भार टांगून ठेवायचा, मध्ये हात लावायचा नाही. संपणार उद्या चारला. त्यानंतर ती मंडळी येईपर्यंत एकोणीस तास शिल्लक. असं नियोजन आजकाल कोणी करत नाही.

भार: इस्त्री आणि पाण्याचा डबा, मिळून साडेचार किलो, कॅमेऱ्याच्या जागी बांधलेले. मान तिरकी करून आवळली आहे. शेजारी दोऱ्याला नट बांधून ओळंबा सोडला आणि भिंतीवर पेन्सिलने खूण केली. भोवती लाल फडकं. वहीच्या मागच्या पानावर पट्टीने कारखान्यातल्यासारखा तक्ता आखला: भार, वेळ, किती सरकलं, चाचणी घेणाऱ्याची सही, साक्षीदाराची सही. दोन्ही सह्या असल्याशिवाय आमच्याकडे हूक क्रेनला लागत नसे.

फोन थरथरतो तेव्हा टेबल हलतं, टेबलामुळे जमीन. म्हणून फोन कपाटात गोधडीच्या घडीत ठेवला. तसाही फारसा वाजत नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी ३.
आज जे झालं त्यात माझी चूक कुठे आहे ते शोधतो आहे.

पाऊण वाजता बेल वाजली. दारात तिघं, खाली टॅक्सी उभी. विमान एक दिवस अलीकडे आलं, आज रात्रीच निघायचं. लेकीने काल संध्याकाळपासून सात फोन केले म्हणे. गोधडी चांगली जाड आहे.

भिंगरी आत शिरली ती थेट लाल फडक्याकडे. मी ओरडलो. एवढ्या मोठ्याने ओरडायला नको होतं. ती आईच्या मागे लपली. मग मी सगळ्यांना चाचणी समजावून सांगितली. जावईबापू नीट ऐकत होते, अधूनमधून घड्याळ बघत होते. लेक खुर्च्यांकडे बघत होती. तिने स्वेटर उचलला, उशी काढली, स्वेटर घडी करून परत ठेवला. कुकर कशाला, हे भिंगरीने विचारलं. मी म्हटलं, तो तू आहेस. ती जावईबापूंकडे बघायला लागली.

दोन वाजता लेक म्हणाली, ती इस्त्री काढून कॅमेरा लावा आणि घ्या फोटो. मी म्हटलं, चारला. ती म्हणाली, अडीचला निघायचंय. जावईबापू म्हणाले, मोबाईलवर हात लांब करून काढू. मी म्हटलं, तसे फोटो वाकडे येतात, नाकं मोठी होतात, भिंतीवर लावायचा आहे ना. लेक पहिल्या खुर्चीवर बसली आणि चौथीवर हात ठेवून म्हणाली,

"बाबा, एकदा तरी माझ्या बाजूला येऊन बसा. पडला कॅमेरा तर पडू दे."

"दोनच तास राहिलेत," मी म्हटलं.

हे तिला कसं समजावणार? नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एकदा साहेब घाई करतात म्हणून दोन तास आधी भार उतरवला आणि सही केली. तिसऱ्या दिवशी हूक सुटला. एका माणसाचा पाय गेला. त्यानंतर चौतीस वर्षं एकही चाचणी अर्धवट सोडली नाही. पण हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. तिच्या आईलाही नाही. आज सांगावं असं मनात आलं, तेवढ्यात खाली टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला.

जाता जाता जावईबापूंनी आपला मोबाईल माझ्या हातात दिला. म्हणाले, निदान आमचा तरी काढा, तुमचा हात हलत नाही. खरं आहे. सगळ्यांनी बघितलं, हात जराही हलला नाही. तिघं खुर्च्यांवर बसली. भिंगरीने कुकर मांडीवर घेतला. फ्रेम अगदी सरळ आली. चौथी खुर्ची रिकामी दिसते, पण त्याने फोटोला तोल आला आहे.

लेक जिन्यावर दोनदा थांबली. मी वरूनच हात केला. उतरायला मला वेळ लागतो आणि चाचणी एकटी सोडता येत नाही.

त्याच दिवशी, दुपारी ४.
चाचणी पूर्ण. ओळंबा खुणेवर. हेड केसभरही सरकलेलं नाही.

हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो.

२३ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ११.
ठरलेली वेळ. ठरलेलं काम पार पाडलेलं बरं. कॅमेरा चढवला, नॉब आवळली. खुर्च्यांवर मंडळी बसवली. स्वेटरची घडी मोडवत नव्हती, तिच्या हातची होती. म्हणून घडीसकटच ठेवला. त्यामुळे लेक जरा बुटकी वाटते.

बटण दाबलं. नऊ सेकंदांत पोचलो, एक सेकंद हाताशी ठेवून. त्या सेकंदात हसलो.

फोटो उत्तम आहे. मी पूर्ण आलो आहे, डोक्यापासून चपलांपर्यंत. माझा हात लेकीच्या खुर्चीच्या पाठीवर आहे, तो कधी ठेवला ते आठवत नाही. कोणीही हललेलं नाही. कुकरवर खिडकी उमटली आहे.

लेकीला पाठवला. ती अजून हवेत असेल.

लगेच उठलो नाही. कॅमेरा माझ्याकडेच बघत होता. मान खाली घातली नाही, वळवलीही नाही. चाळीस किलोचं घेतलं ते बरं केलं.

तक्ता भरला. भार साडेचार किलो. वेळ चोवीस तास. सरकणं शून्य. खाली माझी सही केली. साक्षीदाराच्या रकान्यात कोणाची घ्यायची ते सुचेना. उद्या वही घेऊन दुकानात जावं म्हणतो.

उद्या सोमवार. दुकान बंद.