मतरूहची दोन खाटांची खोली

३ जुलै, गुरुवार

सहा हॉटेलं! सहा जणांशी बोलले आणि सहाच्या सहा मेल्यांनी शेवटी तेच विचारलं. आधी सगळे गोड. "या हाज्जा, समुद्र तुमचाच आहे हाज्जा." हजला मी कधी गेले नाही, पण फोनवर जो तो मला हाज्जा करून मोकळा! एक म्हणतो, आमचं हॉटेल समुद्राच्या पहिल्या ओळीत. म्हटलं, खिडकीतून पाणी दिसतं का? "दिसतं की. गच्चीवर गेलात की दिसतं." दुसरा म्हणतो, नाश्ता फुकट. काय देतोस? "पाव, चीज, अंडं." किती अंडी? "एक, हाज्जा." एका अंड्यावर माणूस पोहेल की बुडेल! तिसऱ्याच्या खोलीत पंखा आहे, पण तो फिरतो का हे त्याला वर जाऊन बघावं लागेल म्हणे.

एवढं सगळं ऐकून घेतलं. मग — सोबत कोण? नवरा. "उत्तम. दोघांच्या ओळखपत्रांचे फोटो पाठवा आणि लग्नाचा सरकारी दाखला."

फोन ठेवून दिला. सहाही वेळा.

आणि हे सगळं मीच का करायचं? मतरूहच्या समुद्रावर जायचं डोक्यात आलं कुणाच्या? माझ्या नवऱ्याच्या, मतवल्लीच्या! आणि वर म्हणतो, "तूच बोल, तुझी जीभ चांगली चालते."

४ जुलै, शुक्रवार

साक्षरता वर्गातल्या बाई म्हणाल्या होत्या, वर्ग संपला तरी रोज चार ओळी लिहा, नाहीतर हात पुन्हा जड होतो. काय लिहू? म्हणाल्या, जे कुणाला सांगत नाही ते. बरं. लिहिते.

माझ्या ओळखपत्रावर लिहिलंय — विधवा. पहिला नवरा साबिर जाऊन नऊ वर्षं झाली. मतवल्लीच्या ओळखपत्रावर — विधुर. दोन वर्षांपूर्वी एका वकिलाच्या कचेरीत आम्ही कागद केला. त्याने सही केली, मी अंगठा दिला. दोन साक्षीदार, चार चहा. झालं लग्न! देवाला माहीत, सरकारला नाही. काजीकडे जाऊन नोंदवलं असतं तर साबिरची पेन्शन बंद झाली असती. वकील म्हणाला, "लाजता काय, अर्ध्या तांता शहरातल्या विधवा असंच करतात." अर्ध्या शहराने केलं म्हणून माझी लाज काही अर्धी होत नाही.

हनादीला, माझ्या पोटच्या पोरीलाही सांगितलेलं नाही. ती दोन गल्ल्या पलीकडे सासूजवळ राहते. नवरा तिचा कुवेतला.

तेव्हा हॉटेलवाल्याला मी काय दाखवणार? एक विधवा, एक विधुर, खोली एक.

६ जुलै, रविवार

मतवल्ली आला. नेहमीसारखा हातात हत्यारांची पेटी घेऊन. तो पंखे दुरुस्त करतो, म्हणून तो येतो तेव्हा माझा पंखा बिघडलेला असतो. जिन्यात शेजारची झकरियाची आई भेटलीच. "काय उस्ताद, पुन्हा पंखा? हनादीच्या आईला नवीनच घेऊन द्या की आता!" आणि हसली. ती काही भोळी नाही. माझे कान तापले.

दारात तो उस्ताद, मी हनादीची आई. दार लागलं की तो मतवल्ली, मी इन्साफ.

हॉटेलांचं सांगितलं. म्हणतो, "त्यात काय! दोन खोल्या घेऊ."

"दोन खोल्यांचे पैसे आहेत तर आत्तापर्यंत लपवले कुठे होतेस?"

"मग सांग, भाऊ-बहीण आहोत."

बहीण! चहाचा पेला जोरात ठेवला तो फुटला. तो म्हणाला, "चिडतेस कशाला? मी तर उद्या काजीकडे यायला तयार आहे. अडलंय ते तुझ्या पेन्शनीवर, माझ्यावर नाही."

खरंच आहे. काचा उचलल्या.

९ जुलै, बुधवार

आज पोस्टात पेन्शनीचा दिवस. दर जुलैत एक कागद भरून द्यावा लागतो. आजवर मी अंगठा देत आले. खिडकीतली मुलगी मला ओळखते. शाईची डबी पुढे केली. म्हटलं, पेन दे. "अरे वा! शिकलात?" तिने शेजारच्या दोघांना बोलावलं, बघा, हाज्जा सही करतेय! रांगेतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

आणि मी, शिकलेली बाई, सही करायच्या आधी कागद वाचला. बाईंनी सवय लावलीय ना. एकेक अक्षर लावत वाचला. "मी पुन्हा विवाह केलेला नाही."

अंगठा होता तोवर तो नुसता कागद होता. काय लिहिलंय ते कुणी सांगितलं तर सांगितलं. आज माझ्याच डोळ्यांनी वाचलं आणि माझ्याच हाताने खाली इन्साफ लिहिलं. न वर सुंदर वळण आलं. मुलगी म्हणाली, अक्षर छान आहे तुमचं.

घरी आले. जेवले नाही.

१० जुलै, गुरुवार

मी कामाला आहे त्या दुकानात भाजलेले हरभरे पुडीत भरता भरता तीन वेळा वजन चुकलं. मालक ओरडला. ओरडू दे.

१२ जुलै, शनिवार

झकरियाची आई दर वर्षी मतरूहला जाते. तिला विचारायला नको होतं, पण मी विचारलं. तिची जीभ सुटली. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात जा, दर पडतात. तिसरा मजला माग, वारा असतो, जिने चढायला लागतात म्हणून कुणी घेत नाही. घरून भात भरलेल्या द्राक्षाच्या पानांच्या सुरळ्यांचं पातेलं भरून ने, दोन दिवस निघतात. विजेची छोटी शेगडी टॉवेलात गुंडाळून ने, खोलीत स्वयंपाक चालत नाही म्हणून पाटी लावलेली असते, ती पाटी वाचता येत नाही असं दाखव. (आता दाखवता येणार नाही!) ओले कपडे बाल्कनीत टाकू नको, बाथरूममध्ये टाक. आणि एका हॉटेलचा नंबर दिला. मालक तिच्या दिराचा मित्र.

मग डोळे बारीक करून — "जाणार कुणाबरोबर?"

तोंडातून निघालं, "हनादीबरोबर."

का बोलले? दुसरं नाव सुचलं नाही.

१४ जुलै, सोमवार

जे व्हायचं ते झालं. झकरियाच्या आईने भाजीबाजारात हनादीला गाठलं. संध्याकाळी पोरगी धावत आली, दारातच मला मिठी. "आई! मला सांगितलंसुद्धा नाहीस! अचानक सांगून मला चकित करणार होतीस ना?" नवरा कुवेतला गेल्यापासून तीन वर्षं ती कुठे गेलेली नाही. सासूने लगेच हो म्हटलं म्हणे, आईबरोबर जाते आहेस तर जा. पाण्यात जायला लांब बाह्यांचे कपडेसुद्धा घेऊन आली, निळे. अंगाला लावून दाखवले.

छान दिसतात म्हणाले. आणखी काय म्हणणार होते!

१५ जुलै, मंगळवार

दिलेल्या नंबरवर फोन केला. आई आणि मुलगी. तो म्हणाला, "तुमचंच घर, हाज्जा." दाखला नाही, प्रश्न नाही. तिसरा मजला, दोन खाटा, नऊ ऑगस्टपासून चार दिवस. दोन मिनिटांत झालं.

नवऱ्याबरोबर जाते म्हटलं तर सहा दारं बंद. खोटं बोलले तर घर माझंच.

१६ जुलै, बुधवार

मतवल्लीला सांगितलं. तो नवी टोपी घालून आला होता, गवताची, मोठ्या काठाची. समुद्रासाठी. मी म्हटलं, तू येत नाहीयेस, हनादी येतेय. तो टोपी काढून गुडघ्यावर ठेवून बसला. नेहमी काहीतरी फालतू विनोद करतो, आज नाही.

"मला समुद्राचं काय पडलंय," म्हणाला. "चार दिवस पेटी न घेता तुझ्या दारात यायचं होतं."

पेटी उचलून गेला. जिन्यात झकरियाची आई काहीतरी बोलली, तो तसाच खाली उतरला.

मला स्वतःची एवढी किळस कधी आली नव्हती.

१८ जुलै, शुक्रवार

हनादीला सगळं सांगितलं. वांगी तळत होते, तिच्याकडे पाठ होती, म्हणून जमलं. कागद, वकील, मतवल्ली, दोन वर्षं. पोस्टातली सहीसुद्धा.

वांगी करपली. मग ती म्हणाली, "पंखेवाला उस्ताद?"

"हो."

"मी त्याला माझ्या हातचा चहा दिलाय, आई. दोनदा. काका म्हटलंय."

मी म्हटलं, तुझ्या सासूला कळलं तर तुझं कठीण होईल म्हणून बोलले नाही. त्यावर ती उसळली. "माझ्यावर ढकलू नकोस! पोस्टात खोटं बोललीस, झकरियाच्या आईशी खोटं, माझ्याशी खोटं. मी तुझं सरप्राइज समजून सगळ्या गल्लीला सांगत फिरले! तुला नवरा केल्याची लाज नाही वाटली पाहिजे. बाबांच्या नावावर दर महिन्याला विधवा बनून रांगेत उभी राहतेस, त्याची वाटली पाहिजे."

"मग खाल्लं काय असतं मी?"

"हरभऱ्याच्या दुकानात काम करतेस ना? मी आहे ना? तो पंखे दुरुस्त करतो ना? विचारलंस कुणाला?"

निळे कपडे पिशवीत घालून इथेच ठेवून गेली. म्हणाली, मी येत नाही, ज्याच्याबरोबर जायचं होतं त्याच्याबरोबर जा.

एकही शब्द खोटा नव्हता. म्हणूनच जास्त लागला.

१९ जुलै, शनिवार

हॉटेलवाल्याला फोन. मुलगी येत नाही, पण खोली राहू दे. तो म्हणाला, "दुसरं नाव पुढच्या शनिवारी दुपारपर्यंत द्या हाज्जा, नाहीतर खोली सोडावी लागेल. बाहेर माणसं उभी आहेत."

२० जुलै, रविवार

शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून आज पोस्ट उघडलं, गेले. खिडकीतली तीच मुलगी. "हाज्जा, पैसे तर घेऊन गेलात!"

म्हटलं, नऊ तारखेला मी सही केलेला कागद खोटा आहे. परत दे.

तिला वाटलं मी थट्टा करतेय. मग नाही वाटलं. आवाज खाली आणला, "तो वर गेला हो. तुम्ही घरी जा, कुणी बघत नाही." पोरगी मनाने चांगली. मला वाचवायला बघत होती. मागे रांग होती, त्यातल्या दोघींनी त्या दिवशी टाळ्या वाजवल्या होत्या. त्यांच्यासमोरच म्हटलं, मी दोन वर्षांपूर्वी लग्न केलंय, कोरा कागद दे.

उभ्याने लिहिलं. चार ओळी. दोन शब्द खोडले. आतल्या साहेबाने वाचून वर पाहिलं आणि म्हणाला, पेन्शन आजपासून थांबेल, आणि दोन वर्षांत घेतलेलं परत मागतील. मागू देत. हप्त्याने देईन. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जमीन फाटावी वाटलं. रांगेतल्या एकीने शाल तोंडावर ओढली. तीही त्यातलीच असेल. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

लाज गेली नाही. पण आता ती लपवलेली नाही, एवढंच.

२१ जुलै, सोमवार

मतवल्लीच्या दुकानात गेले. पहिल्यांदाच. सांगितलं, पेन्शन बंद केली, आता काजीकडे जाता येईल.

त्याच्या हातातला स्क्रू खाली पडला. तो बराच वेळ जमिनीवर शोधत राहिला. मग म्हणाला, "विचारायचंस तरी आधी! एवढी घाई कशाला? आता खाणार काय?" मग म्हणाला, "सुनांना काय सांगू? थोरल्या मुलाला विचारावं लागेल, घर त्याच्या नावावर आहे." मग गिऱ्हाईक आलं.

"उद्या काजीकडे यायला तयार आहे" म्हणणारा माणूस हाच ना? दोन वर्षं मी समजत होते की अडलंय ते माझ्यामुळे. दोन वर्षं मान खाली घालून जगले!

२२ जुलै, मंगळवार

आयुष्यात कुणाला पहिलं पत्र लिहिलं. दुकानात त्याच्या हातात दिलं, उघडायच्या आत निघून आले. इथे उतरवून ठेवते.

"मतवल्ली. आता माझ्या आणि काजीच्या मध्ये पेन्शन नाही, फक्त तू आहेस. मुलाला विचार नाहीतर विचारू नकोस, ते तुझं तू बघ. मतरूहच्या खोलीत दुसरं नाव कुणाचं घालायचं ते शनिवारी दुपारी हॉटेलवाल्याला सांगायचं आहे. कुणाचंच नसलं तर मी एकटी जाईन आणि दोन्ही खाटांवर झोपेन. हो की नाही, एवढंच सांग. कुणाच्या हाती निरोप नको. स्वतः माझ्या दारात येऊन, जिन्यात लोक असताना, मोठ्याने सांग. शुक्रवारच्या नमाजापर्यंत. — इन्साफ."